सोफ्याची उजवी बाजू

समुपदेशकांच्या संघटनेत त्यांना सगळे कुलूपबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ वळली की 'कुलूप'. नाव ठेवणाऱ्यांची काही चूक नव्हती. समुपदेशक म्हटला की लोकांची गुपितं पोटात ठेवणं हे त्याचं कामच. पण बाईंच्या पोटात सकाळी कोणती भाजी केली हेसुद्धा राहायचं. कुणी हौसेने विचारलं, "काय बाई, सुट्टीत कुठे जाऊन आलात?" तर बाई म्हणत, "आलो जाऊन." झालं. विचारणाऱ्यालाच चोरट्यासारखं व्हायचं.

बाई मूळच्या या व्यवसायातल्या नव्हेत. तरुणपणी त्या एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोनवर बसत. जिन्याखालची बिनखिडकीची खोली, कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे लाल दिवे आणि दिवसभर एकच वाक्य, "थांबा, जोडून देते." पण डॉक्टर जागेवर सापडेपर्यंत पलीकडचं माणूस थांबणार कसं? ते रडायचं, चिडायचं, देवाला आणि रुग्णालयाला एकाच दमात शिव्या घालायचं, आणि हे सगळं बाईंच्या कानात. बाई ऐकून घ्यायच्या. ऐकलेलं खोलीबाहेर कधी गेलं नाही. पुढे त्या शिकल्या, परीक्षा दिल्या, पस्तिशी उलटल्यावर समुपदेशक झाल्या आणि आता पन्नाशी ओलांडून संघटनेच्या तक्रार समितीच्या अध्यक्ष होत्या. टेलिफोनच्या खोलीतून त्यांना बाहेर काढलं ते सरांनी.

सर म्हणजे संघटनेचे संस्थापक. त्यांचं नाव घ्यायची कुणाला गरजच पडत नसे. 'सर' म्हटलं की तेच. शहरातल्या बहुतेक समुपदेशकांना त्यांनी शिकवलेलं. आवाज इतका मऊ, की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी आपल्या अंगावर पांघरूण सारखं करतंय. शिकाऊ मंडळींचा अभ्यासक्रम त्यांच्या हातात, परीक्षा त्यांच्या हातात, आणि संघटनाही अर्थातच त्यांच्याच हातात. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. निदान कागदावर तरी नव्हती.

संघटनेची एक खास रीत होती, तीही सरांनीच घालून दिलेली. सभेला टेबल नाही. खुर्च्या गोल मांडायच्या, मधोमध टिश्यूचं खोकं ठेवायचं. हात वर करून मतदान वगैरे रुक्ष प्रकार नाहीत; प्रत्येकाने आपल्या आत काय उमटतंय ते सांगायचं, आणि सगळ्यांच्या आत साधारण सारखंच उमटलं की ठराव मंजूर. चहा कधी आणायचा हेसुद्धा आधी आत उमटावं लागे. त्यामुळे संघटनेचा चहा वर्षानुवर्षं थंड.

अशा या गोलात एक तक्रार येऊन पडली. तक्रार सरांविरुद्ध होती.

तक्रार करणारी मुलगी नुकतीच अभ्यासक्रम संपवून परीक्षेला बसलेली होती. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले, बोलताना डोळ्याला डोळा भिडवणारी. तिला ऐकायला समितीचे तिघे बसले. अध्यक्ष म्हणून बाई. दुसरे संघटनेचे सचिव, ज्यांना सगळे आरसा म्हणत, कारण समोरच्याचं वाक्य त्यालाच परत करण्याची त्यांना जडलेली सवय. आणि तिसऱ्या, लहान मुलांवर बाहुल्यांच्या मदतीने उपचार करणाऱ्या, म्हणून बाहुलीवाल्या. त्या सभेलासुद्धा पिशवीत एक कापडी ससा घेऊन येत.

"म्हणजे तुम्हाला असं वाटतंय," आरसा सुरू झाले, "की तुमच्यावर अन्याय झालाय."

"वाटत नाहीये. झालाय," मुलगी म्हणाली.

"झालाय असं वाटतंय."

"हा राग ओळखीचा आहे का गं?" बाहुलीवाल्यांनी मान कलती करून विचारलं. "म्हणजे, लहानपणी कधी असाच राग?"

मुलीने दोघांकडे पाहिलं, मग टिश्यूच्या खोक्याकडे पाहिलं आणि ते खोकं पायाने हळूच पलीकडे सारलं. "मला काय वाटलं ते नका विचारू," ती म्हणाली. "काय झालं ते विचारा."

बाई खुर्चीत सरळ झाल्या. टेलिफोनवर डॉक्टर सापडेपर्यंत त्या हेच तर विचारत. काय झालं, कुठे लागलं, शुद्ध आहे का. वाटण्याबिटण्याचं नंतर. इतक्या वर्षांत या गोलात तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, आणि त्यात त्या स्वतःही आल्या, हे त्यांना टोचलं.

"सांगा," बाई म्हणाल्या. "काय झालं?"

झालं ते असं. शिकाऊ समुपदेशकाने स्वतःही कुणाकडे तरी उपचार घ्यायचे, असा नियम होता आणि तो चांगलाच होता. मुलगी सरांकडे गेली. काही महिन्यांनी तिला वाटलं, आपलं इथे जमत नाही, दुसऱ्या कुणाकडे जावं. तिने सरांना तसं सांगितलं. सर हसले, म्हणाले, अवश्य. मग परीक्षा आली. परीक्षक अनोळखी होते. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "काय, वडिलांशी बोलणं सुरू झालं का?" ती वडिलांशी बोलत नाही, हे तिने जगात एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि एकाच खोलीत. निकालात शेरा आला: अजून तयारी नाही, अधिकारी व्यक्तींना विरोध करण्याची वृत्ती.

"बस, एवढंच," मुलगी म्हणाली. "परीक्षेत नापास झाले म्हणून नाही आले मी. मी नापास असेनही. पण माझं त्या खोलीतलं बोलणं या खोलीत कसं आलं, ते मला हवंय."

समितीची दुसरी बैठक ठरली तेव्हा संघटनेच्या कार्यालयात रंगकाम निघालं. सरांना कळलं तसा त्यांचा निरोप आला, माझी उपचाराची खोली वापरा, मी त्या दिवशी फिरकणारसुद्धा नाही. "केवढं मोठं मन," आरसा म्हणाले. बाईंना ते खटकलं. ज्याच्यावर तक्रार, त्याच्याच घरी पंचायत? पण सरांना नाही म्हणायची जिभेला सवय नव्हती. खोली ती खोली, असं स्वतःला समजावून त्या गेल्या.

जुन्या इमारतीचा दुसरा मजला. खिडकीला करडा पडदा, कोपऱ्यात सरांची उंच पाठीची खुर्ची, समोर निळसर अभ्रा घातलेला लांबलचक सोफा. आरसा सगळ्यात शेवटी आले. "मी इथे पहिल्यांदाच येतोय हं," ते उगाचच मोठ्याने म्हणाले. "छान आहे हो जागा." आणि असं म्हणत म्हणत त्यांनी दाराची मूठ धरून दार किंचित वर उचललं, खालून गुडघ्याने हलकेच रेटलं आणि दार आवाज न करता लागलं.

ते दार पहिल्यापासून खालून फुगलेलं होतं. नवखा माणूस ते ओढत बसायचा, आपटायचा, शेवटी सरांनाच उठून लावावं लागायचं. उचलून गुडघ्याने रेटायचं हे कळायला त्या खोलीत पाचसहा वेळा तरी जावं लागे.

बाई सोफ्याच्या उजव्या टोकाला बसल्या. बाहुलीवाल्या आल्या आणि बाईंना खेटून बसल्या. आरसा आले आणि बाहुलीवाल्यांना खेटून बसले. सोफ्याची अख्खी डावी बाजू मोकळी. तीन चांगली भरलेली माणसं अर्ध्या सोफ्यावर अशी दाटीवाटीने बसली, की कापडी ससा पिशवीतून बाहेर डोकावायला लागला. सरका ना जरा, असं कुणीच कुणाला म्हटलं नाही. कारण डाव्या बाजूची स्प्रिंग कित्येक वर्षांपासून तुटलेली होती. अभ्र्यावरून काही कळायचं नाही. दिसायला ती बाजू एकदम चांगली. दाराजवळ म्हणून नवीन माणूस पहिल्या दिवशी तिथेच बसायचा आणि कमरेपर्यंत आत जायचा. दुसऱ्या खेपेपासून तो न चुकता उजवीकडे बसायचा.

बाईंना आधी हसू फुटलं. मग घाम फुटला. तक्रार समिती अख्खीच्या अख्खी सरांच्या सोफ्यावर बसून गेलेली होती. कुणी कशासाठी, देव जाणे. पण या तिघांची सगळ्यात वाईट वर्षं त्या समोरच्या रिकाम्या खुर्चीला तोंडपाठ होती, आणि त्या खुर्चीतल्या माणसाविरुद्ध हे तिघे न्याय करणार होते!

"माझ्या आत असं उमटतंय," आरसा घसा खाकरून म्हणाले, "की यात चूक कुणाचीच नाही. संवादात अंतर पडलंय. सर आणि ती मुलगी, दोघांना समोरासमोर बसवावं. सरच ते छान हाताळतील."

"माझ्याही आत तेच," बाहुलीवाल्या पुटपुटल्या. त्यांनी सशाचा कान घट्ट धरला होता.

"आज निर्णय नको," बाई म्हणाल्या आणि उठल्या. दार त्यांनी उचलून, गुडघ्याने रेटून लावलं.

आता बाईंचं सांगायला हवं. त्यांची मुलगी जन्मली तेव्हा त्या टेलिफोनवरच होत्या. बाळ गुटगुटीत, घरात आनंदीआनंद आणि बाईंच्या मनात काहीच नाही. नुसतं काहीच नाही असतं तरी चाललं असतं. त्यांना बाळाला हात लावावासा वाटेना. रडलं की शेजारच्या मावशींकडे देऊन त्या स्वयंपाकघराचं दार लावून घेत. एकदा बाळाला पाळण्यात ठेवून त्या थेट बसस्थानकावर जाऊन बसल्या आणि चार बस सोडून परत आल्या. रुग्णालयातल्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि सरांचा पत्ता दिला. बाई सरांकडे दोन वर्षं जात राहिल्या. घरी काय सांगायचं? त्यांनी सांगितलं, पोहायला शिकते. पिशवीत टॉवेल टाकून जायचं, टॉवेल घेऊन यायचं. सरांनी त्या दोन वर्षांत त्यांना एकदाही वाईट आई म्हटलं नाही. त्यांनी बाईंना त्यांची मुलगी मिळवून दिली, यापेक्षा कमी शब्दांत ते सांगताच येणार नाही.

आणि आता या माणसाविरुद्ध!

संघटनेचा एक नियम होता. समितीतल्या कुणाचं तक्रारीतल्या माणसाशी नातं, नोकरी किंवा उपचार असा काही संबंध असेल, तर त्याने सर्वसाधारण सभेत तो सांगावा आणि बाजूला व्हावं. सगळेच बाजूला झाले तर दुसऱ्या गावच्या संघटनेची माणसं बोलावावीत. नियम कसा चोख! पण उपचार घेत होतो हे सांगायचं म्हणजे आपलं गुपित चारचौघांत मांडायचं. ज्यांचं सगळं आयुष्य गुपितं राखण्यात गेलं, ती माणसं हे कशाला करतील? म्हणून संबंधाबद्दल विचारलं की सगळे टिश्यूच्या खोक्याकडे बघत आणि नियम तसाच चोख राही.

इतरांचं गुपित फोडायचा बाईंना काही अधिकार नव्हता. दाराची मूठ आणि सोफ्याची बाजू त्यांनी पाहिली होती, ती पोटातच राहणार होती. त्यांच्या हातात फक्त स्वतःचं होतं. तब्येतीचं कारण सांगून राजीनामा देणं सोपं होतं. मग आरशांनी त्या जागी कुणाला तरी आणलं असतं, तोही उजव्या बाजूलाच बसला असता, आणि त्या मुलीला सरांसमोर बसवून तिचं 'अंतर' मिटवलं गेलं असतं. बाईंनी कितीतरी दिवस हे घोळवलं. भांडी घासताना घोळवलं, बाजारात घोळवलं. मी सरांविरुद्ध कशी जाऊ, यावरच गाडी येऊन अडायची. मग एके दिवशी कपाटाच्या वरच्या फळीवरून पांघरूण काढताना त्या मध्येच थांबल्या. विरुद्ध जायचा प्रश्नच कुठे होता? त्या सरांच्याच होत्या. म्हणून तर त्यांना तिथे बसता येत नव्हतं. एवढंच म्हणायचं आणि उठायचं.

पण सभेत म्हणण्याआधी ते घरात म्हणायला हवं होतं. बाहेरून कुणीतरी लेकीच्या कानावर घालावं, हे बाईंना मरणाहून वाईट वाटलं असतं.

सभेच्या दिवशी सकाळी तिघं जेवणाच्या टेबलाशी होती. यजमान बसगाड्यांची वेळापत्रकं आखून निवृत्त झालेले; ते घरातल्या धुण्याचंही वेळापत्रक आखत आणि कपडे वाळत घालायचं काम लग्नापासून त्यांच्याकडेच. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला. आईच्या चष्म्याची ढिली दांडी ती सुईएवढ्या पेचकसाने आवळत होती.

बाईंनी सांगितलं. पाळणा, शेजारच्या मावशी, बसस्थानक, सर. सांगताना त्यांनी एकदाही पाणी प्यायलं नाही. शेवटी यजमानांकडे वळून म्हणाल्या, "आणि मी पोहायला वगैरे काही जात नव्हते."

"माहितीये," यजमान म्हणाले.

"काय माहितीये?"

"अगं, टॉवेल मीच वाळत घालायचो ना. दोन वर्षांत एकदाही ओला नव्हता."

"मग विचारलं का नाहीत?"

"जाताना तुझं तोंड एक असायचं, येताना दुसरं. येतानाचं बरं असायचं." यजमानांनी टेबलावरचे नसलेले कण गोळा केले. "म्हटलं, चाललंय ते चालू दे. टॉवेल रोज झटकून वाळत घालायचो, तुला वाटायला नको की मला कळलंय."

बाईंचे डोळे भरून आले. अठ्ठावीस वर्षं त्या कुलूप लावून बसल्या होत्या आणि या माणसाने बाहेरून त्यावर गंजसुद्धा चढू दिला नव्हता.

मुलगी अजून पेच आवळत होती. तो कधीच आवळून झाला होता. "म्हणजे मी आवडायला तुला क्लास लावावा लागला," ती खाली बघत म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "आणि मी तो एक दिवसही चुकवला नाही."

मुलीने चष्म्याच्या काचांवर फुंकर घातली, आपल्या सदऱ्याला त्या पुसल्या आणि उठून चष्मा आईच्या नाकावर बसवला. दोन्ही दांड्या कानामागे नीट बसल्या की नाही ते पाहत तिचे हात जरा जास्तच वेळ तिथे राहिले. मग म्हणाली, "कधी आवडले?"

"एकदा तू शिंकलीस आणि स्वतःच दचकलीस. मला इतकं हसू आलं! हसता हसता तुला उचललं. मग खाली ठेवलंच नाही."

"जा तू सभेला," मुलगी म्हणाली. "आणि कुणी काही बोललं तर मला सांग. बघतेच एकेकाला."

संध्याकाळी गोल भरला होता. रंगाचा वास अजून भिंतींना होता. सर आपल्या नेहमीच्या जागी, खिडकीकडे पाठ करून. तक्रार करणारी मुलगी दाराजवळ, शिकाऊ मंडळींत. आरशांनी समितीचा विषय काढला, "समितीतल्या कुणाचा काही संबंध असल्यास," असं घाईघाईने वाचलं आणि पुढचं पान उलटायला बोट ओलं केलं.

"आहे," बाई म्हणाल्या.

बोट तसंच हवेत राहिलं.

"मी सरांची क्लायंट होते. दोन वर्षं. शिकायला येण्याच्या आधी. मी समितीत बसू शकत नाही." त्या उठल्या, खुर्ची उचलली, गोलाबाहेर नेऊन भिंतीशी ठेवली आणि बसल्या. त्यांनी दोन्ही पावलं जमिनीवर घट्ट रोवली.

मग सर बोलले. तोच आवाज, मऊ, जराही न चढलेला. "अगं, हे तू आज का करतेयस, ते जरा बघूया का? हा राग माझ्यावरचा नाहीये. स्वतःच्या बाळाला हात लावू न शकलेली आई अजून स्वतःला माफ करत नाहीये. म्हणून ती आज दुसऱ्याच एका मुलीला कडेवर घ्यायला निघालीय."

ते इतक्या मायेने बोलले, की एकदोघांच्या माना सवयीने डोलल्यासुद्धा. मग त्या माना मध्येच थांबल्या. आपण काय ऐकलं ते एकेकाच्या लक्षात यायला लागलं. बाहुलीवाल्यांच्या हातातून ससा खाली पडला.

सकाळी टेबलाशी बोलणं झालं नसतं तर बाई त्या क्षणी कोसळल्या असत्या. सगळ्यांदेखत, लेकीला कळण्याआधी! पण लेकीला कळलं होतं. तिने चष्मा नाकावर बसवून पाठवलं होतं. बाईंना भीतीच वाटेना. वाटलं ते दुःख, आणि तेही सरांसाठी. कारण सरांच्या चेहऱ्यावर कपट मुळीच नव्हतं. त्यांना आपण काय केलं हेच समजलं नव्हतं. इतकी वर्षं ते दुसऱ्यांच्या गुपितांत राहिले होते, की ती आपलीच आहेत, हवी तेव्हा काढून कुणाच्याही भल्यासाठी वापरावीत, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

"सर," बाई म्हणाल्या, "मी तुमच्याकडे येत होते एवढंच मी सांगितलं. का येत होते, ते मी नाही सांगितलं. ते आत्ता तुम्ही सांगितलंत." त्यांनी श्वास घेतला. "परीक्षेच्या खोलीत हेच झालं. तिची तक्रार हीच आहे."

सरांचा हात खुर्चीच्या हातावर काहीतरी शोधत राहिला. दाराजवळची मुलगी रडत नव्हती, जिंकल्यासारखीही दिसत नव्हती. नुसती ताठ बसून होती.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आरसा उठले होते. "तुम्ही सरांच्या क्लायंट होतात," ते सवयीने बाईंचंच वाक्य म्हणाले, आणि मग अडखळत, कपाळ पुसत, पुढचं म्हणाले, "मीही होतो." त्यांनी खुर्ची ओढत भिंतीशी आणली. बाहुलीवाल्यांनी काहीच सांगितलं नाही. त्यांनी ससा उचलला, झटकला आणि आपली खुर्ची बाईंच्या पलीकडे आणून ठेवली. तिघं भिंतीशी ओळीने बसली, या वेळी मात्र ऐसपैस.

समिती उरली नाही, म्हणून नियम पहिल्यांदाच कामाला आला. दुसऱ्या गावाहून तीन माणसं आली. त्यांच्यापैकी कुणी सरांचा सोफा पाहिलेला नव्हता. त्यांनी चौकशीला टेबल मागितलं, टिश्यूचं खोकं उचलून खिडकीत ठेवलं आणि प्रत्येकाला एकच विचारलं, काय झालं. काम सावकाश चाललं, मध्ये रुसवेफुगवे झाले, दोनचार जणांनी बाईंशी बोलणं सोडलं. एकीने तर तोंडावर म्हटलं, "ज्यांनी तुम्हाला उभं केलं त्यांनाच?" बाई म्हणाल्या, "हो. उभी केली म्हणूनच उभी राहिले." आणि पिशवी उचलून भाजी घ्यायला गेल्या.

चौकशीचा निकाल लागला. त्या मुलीचं खोलीतलं बोलणं सरांनीच परीक्षकांना सांगितलं होतं, असं त्यात लिहिलेलं होतं. तिची परीक्षा नव्या परीक्षकांकडे पुन्हा झाली. उपचार करणाऱ्याचा आपल्या क्लायंटच्या परीक्षेशी कसलाही संबंध राहणार नाही, असा नियम झाला. सरांनी परीक्षेचं काम सोडलं. ते अजून सभेला येतात, कमी बोलतात. बाई दिसल्या की दोघं एकमेकांना नमस्कार करतात, आणि बाईंच्या नमस्कारात काही कमी झालेलं नाही.

मुलगी पास झाल्यावर बाईंकडे आली. सोबत चौकशीच्या निकालाची प्रत होती. बाईंच्या कामाच्या खोलीत दोन साध्या खुर्च्या होत्या, सोफा कधीच नव्हता. मुलीने कागद पुढे केला. "सगळं तुमच्यामुळे झालं," ती म्हणाली. "आणि यात तुमचं नाव कुठेच नाही. सहीसुद्धा नाही."

बाईंनी चष्मा सारखा केला आणि कागद खालपर्यंत वाचला. तीन सह्या होत्या, तिन्ही परक्या माणसांच्या.

"नाहीच," बाई म्हणाल्या. "म्हणून तर हा आता कुणाला खोडता येणार नाही."